मूल कोणावर गेले? : आनुवंशिकतेच्या शोधाचा इतिहास

घरात मूल जन्माला आले की अकीक्याला जमलेली वडीलधारी मंडळी एक काम हमखास करतात. पाळण्यात वाकून पाहतात आणि मुलाच्या चेहऱ्याची वाटणी सुरू होते. नाक दादांचे, कपाळ नानांचे, रंग मात्र आजोळचा! हे प्रेमाचे बोलणे आहे, त्यात वावगे काही नाही. पण हेच बोलणे कधी कधी निराळे वळण घेते. तिसरीही मुलगीच झाली की सुनेकडे पाहून उसासे टाकले जातात. मूल आईबापांपेक्षा वेगळ्या रंगाचे निघाले की कुजबूज होते. मूल अशक्त, आजारी निघाले की "आमच्या खानदानात असे कधी नव्हते" हे वाक्य येते आणि दोष आपोआप दुसऱ्या घराच्या पदरात पडतो.

मूल कोणावर जाते, का जाते, आणि एखादा गुण एक-दोन पिढ्या दडून राहून पुढल्या पिढीत कसा उगवतो, या प्रश्नांची खरी उत्तरे माणसाला मिळून फार काळ लोटलेला नाही. मी इतिहास शिकवणारा शिक्षक आहे, विज्ञानाचा पदवीधर नव्हे. म्हणून ही हकीकत मी आपणांस इतिहास म्हणूनच सांगणार आहे. शोध ज्या क्रमाने लागले त्या क्रमाने ऐकले, तर विषय समजावयास सोपा जातो.

जुन्या काळी याबद्दल दोन मते होती. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल म्हणे की, मुलाला आकार देणारा अंश बापाकडून येतो. आई त्यासाठी लागणारा माल तेवढा पुरवते. बी बापाचे आणि शेत आईचे, ही आपल्याकडील समजूतही त्याच जातीची. इ. स. १६७७ मध्ये हॉलंडमधील लेव्हेनहूक याने सूक्ष्मदर्शकातून पुरुषबीज पाहिले, तेव्हा या मताला आणखीच जोर चढला. हार्टसुकर नावाच्या डच गृहस्थाने तर १६९४ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात पुरुषबीजाच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस चितारून दाखवला! असा माणूस त्याने पाहिला नव्हता. असावा, असे त्याचे अनुमान होते. अनुमानाचे चित्र काढले की लोकांना ते खरे वाटू लागते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे मत असे की, आईबापांचे रक्त दुधात पाणी मिसळावे तसे मुलात मिसळते. हे मत वरवर पटण्यासारखे आहे. पण दुधात पडलेले पाणी पुन्हा वेगळे होत नाही. मग आजीचे घारे डोळे, जे तिच्या एकाही मुलाला मिळाले नाहीत, ते नातवाच्या चेहऱ्यावर जसेच्या तसे कोठून आले? मिसळणीच्या मताजवळ याला उत्तर नव्हते.

येथे हदीसमधील एक प्रसंग आठवतो. हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेला हा प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एक मनुष्य पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांच्याकडे आला. आपल्या बायकोला काळ्या रंगाचा मुलगा झाला आहे, असे त्याने सांगितले. त्याच्या मनात काय होते ते उघडच होते. पैगंबरांनी (स.) त्याला त्याच्या उंटांविषयी विचारले. उंट तांबड्या रंगाचे होते, पण त्यांत काही करड्या रंगाचेही होते. ते करडे कोठून आले, असे विचारताच तो म्हणाला की, मागल्या एखाद्या वंशातला गुण त्यांच्यात उतरला असेल. मग तुझ्या मुलाचेही तसेच असेल, असे सांगून पैगंबरांनी (स.) त्याला निरुत्तर केले आणि मुलाचा इन्कार करण्याची परवानगी दिली नाही. आधुनिक शास्त्र हदीसमध्ये अगोदरच लिहून ठेवले आहे, असला दावा मी करीत नाही. तसे दावे करणे मला आवडत नाही. पण निव्वळ रंगावरून एका स्त्रीवर येऊ पाहणारा आळ, जनावरांच्या वंशाचा साधा दाखला देऊन दूर केला गेला, हे आपण विसरू नये.

तो मागल्या वंशातला गुण दडतो कोठे, हे शोधून काढले एका शेतकऱ्याच्या मुलाने.

योहान मेंडेल याचा जन्म इ. स. १८२२ मध्ये त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. बाप कुळासारखा शेतकरी. आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या वेठीला जात. मुलगा हुशार म्हणून त्याला शिकावयास पाठविले खरे, पण १८३८ मध्ये झाड अंगावर पडून बाप जायबंदी झाला आणि पैशाची वाट बंद झाली. पुढे शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण थेरेसिया हिने स्वतःच्या लग्नासाठी राखलेल्या रकमेतला वाटा भावाला दिला. जगाला आनुवंशिकतेचे शास्त्र मिळाले त्यात या मुलीच्या पैशाचा भाग आहे, आणि आपल्या शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत तरी तिचे नाव आले पाहिजे असे मला वाटते. मेंडेलही विसरला नाही. पुढे त्याने तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला मदत केली; त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.

पोटाची चिंता मिटावी आणि अभ्यास करता यावा म्हणून तो १८४३ मध्ये ब्रून शहरातील सेंट थॉमस मठात दाखल झाला. तेथे त्याला ग्रेगर हे नाव मिळाले. धर्मगुरू म्हणून आजारी माणसांच्या भेटीस जाताना तो स्वतःच आजारी पडे, म्हणून त्याला शाळेत शिकविण्यास धाडले. शिकवणे त्याला उत्तम जमले. पण शिक्षकाच्या परवान्यासाठी १८५० मध्ये तो परीक्षेस बसला आणि नापास झाला. व्हिएन्ना विद्यापीठात दोन वर्षे पदार्थविज्ञान व वनस्पतिशास्त्र शिकून आल्यावर १८५६ मध्ये पुन्हा बसला. प्रकृती बिघडली आणि परीक्षा अर्धीच सोडावी लागली. म्हणजे ज्याचे नाव आज जीवशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, तो अखेरपर्यंत बदली शिक्षकच राहिला! निकालाच्या दिवशी मुलांवर हात उगारणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावे.

त्याच १८५६ साली त्याने मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग सुरू केले. जागा सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद. प्रयोग आठ वर्षे चालले. वाटाणाच का? कारण वाटाण्याच्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर एकाच बंद कळीत असतात. बाहेरचा पराग सहसा आत शिरत नाही. त्यामुळे जात शुद्ध राहते, आणि संकर करावयाचा झाल्यास तो करणाऱ्याच्या हातात असतो. मेंडेल कळी उमलण्याआधीच उघडी, चिमट्याने पुंकेसर काढून टाकी, दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्यावर लावी आणि फुलावर पिशवी बांधून ठेवी. हे एकदा-दोनदा नव्हे. त्याच्या हाताखालून हजारो रोपे गेली.

गोल दाण्याच्या वाटाण्याचा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्याशी त्याने संकर केला. पहिल्या पिढीचे सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. ते गोल दाणे पेरून, त्यांच्या फुलांना आपापले फळू दिले तेव्हा दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाणे मिळाले. त्यांपैकी ५,४७४ गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले! हरवलेली सुरकुती परत आली होती, आणि ती जशीच्या तशी; अर्धवट सुरकुतलेली नव्हे. पिवळ्या व हिरव्या दाण्यांचा प्रयोग केला तर ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. प्रत्येक वेळी तिनास एक हेच प्रमाण. सातही गुणांच्या बाबतीत तसेच.

आमचे विद्यार्थी हे 'तिनास एक' पाठ करतात आणि परीक्षेत लिहून येतात. पण खरी मौज पुढे आहे. दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांपासून वाढविलेली ५६५ रोपे मेंडेलने पुढल्या पिढीपर्यंत नेली. त्यांपैकी १९३ रोपांना फक्त गोल दाणे आले. ३७२ रोपांना मात्र गोल आणि सुरकुतलेले असे दोन्ही आले. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे हे गोल दाणे आतून सारखे नव्हते. तिघांपैकी एक खरोखर गोल होता, आणि दोघांच्या पोटात सुरकुती लपलेली होती.

यावरून त्याने जे अनुमान काढले ते असे. प्रत्येक गुणासाठी प्रत्येक रोपाजवळ दोन घटक असतात; एक आईकडून आलेला, एक बापाकडून आलेला. ते दुधापाण्यासारखे मिसळत नाहीत, एका डबीत ठेवलेल्या दोन मण्यांसारखे वेगळे राहतात. पुढल्या पिढीला देताना रोप त्या दोहोंपैकी कोणताही एकच देते. दोन वेगळे घटक एकत्र आले तर एक आपला प्रभाव दाखवतो, दुसरा गप्प बसतो. पहिल्याला प्रभावी म्हणतात, दुसऱ्याला अप्रभावी. गप्प बसलेला मरत नाही. दोन्हीकडून अप्रभावीच घटक आला की तो उघड होतो, आणि दोन 'लपलेल्या' रोपांच्या संयोगात असे होण्याचा संभव चारात एक असतो.

आणखी एक गोष्ट त्याने केली, जी पाठ्यपुस्तकात घाईने उरकतात. संकर त्याने दोन्ही बाजूंनी करून पाहिला. गोल जातीची आई आणि सुरकुतलेल्या जातीचा बाप. मग उलट, सुरकुतलेली आई आणि गोल बाप. निकाल अगदी सारखा आला. आईचा घटक आणि बापाचा घटक, वजन एकच. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला बी आणि शेताचा हिशेब त्या वाफ्यात मोडला.

इ. स. १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत मेंडेलने ब्रून येथील निसर्ग अभ्यास मंडळापुढे आपला निबंध वाचला. १८६६ मध्ये तो छापून निघाला. त्याने चाळीस प्रती काढून घेऊन काही विद्वानांना पाठविल्या. म्यूनिकचे प्राध्यापक नेगेली यांनी उत्तरे लिहिली, पण महत्त्व ओळखले नाही. चार्ल्स डार्विन त्याच काळात याच कोड्याशी झगडत होता. त्याच्या हाती हे काम पडले नाही. १८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाला, कराच्या भांडणात सरकारशी झुंजण्यात त्याची उरलेली वर्षे गेली आणि ६ जानेवारी १८८४ रोजी त्याचे निधन झाले. निबंध चौतीस वर्षे पडून राहिला. १९०० मध्ये हॉलंडचा द फ्रीस, जर्मनीचा कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचा चेर्माक हे तिघे आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमांपाशी पोहोचले, तेव्हा त्यांना कळले की एक बदली शिक्षक आपल्या आधी येऊन गेला आहे. मेंडेलच्या या घटकाला 'जीन' हे नाव १९०९ मध्ये डेन्मार्कच्या योहानसेन याने दिले. मराठीत आपण त्याला जनुक म्हणतो.

जनुके शरीरात असतात कोठे? पेशीच्या केंद्रातील धाग्यांसारख्या गुणसूत्रांवर. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात, २३ आईची आणि २३ बापाची. ही मोजणीदेखील १९५६ मध्येच पक्की झाली. तोवर सारे जग ४८ शिकत होते! जनुक ज्या द्रव्याचे बनते त्या डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली. जनुकातील मजकूर पेशी कसा वाचते हे उलगडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते हरगोविंद खुराना १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. मेंडेलनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९२२ मध्ये, मुलतान भागातील रायपूर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पटवारी. शंभरेक वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारे घर जवळजवळ तेवढे एकच होते. माणसाच्या सगळ्या जनुकांचे वाचन २००३ मध्ये बहुतांशी पूर्ण झाले आणि प्रथिने बनविण्याच्या कृती सांगणारी जनुके सुमारे वीस हजार आहेत असे दिसून आले.

आता त्या उसाशांविषयी, जे मुलीच्या जन्मावर टाकले जातात. अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाची एक बाई होती. शाळेत शिकवून तिने पैसे साठविले आणि वयाच्या पस्तिशीत ती विद्यापीठात दाखल झाली. पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासताना तिला दिसले की मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे आहेत. नराच्या पेशीत मात्र एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. नराच्या बीजांपैकी निम्म्यांत ते लहान गुणसूत्र जाते आणि त्यातूनच नर जन्मतो. हा शोध १९०५ चा. त्याच वर्षी विल्सन हा शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे तेथेच पोहोचला. माणसातही तसेच आहे. आईजवळ दोन एक्स गुणसूत्रे. ती प्रत्येक अपत्याला एक्सच देते, दुसरे काही तिच्याजवळ नाहीच. बापाजवळ एक एक्स आणि एक वाय. त्याच्याकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. म्हणजे मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय पत्ताही चुकलेला आहे. आणि बापाला तरी का बोल लावावा? कोणते बीज पोहोचावे हे त्याच्याही हातात नाही.

एक्स गुणसूत्राची दुसरी एक गोष्ट आपल्या समाजाने माहीत करून घेतली पाहिजे. रक्त लवकर न गोठण्याचा हिमोफिलिया हा आजार देणारे जनुक याच गुणसूत्रावर असते. कुर्तुबा येथील थोर शल्यवैद्य अल्-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी एका खेड्यातील अशा पुरुषांचे वर्णन लिहून ठेवले आहे, ज्यांना जखम झाली की रक्त थांबत नसे. आईजवळ दुसरे चांगले एक्स असल्याने ती बहुधा ठीक असते. मुलाला वाय मिळालेले असल्याने त्याच्याजवळ तोड नसते. तेव्हा आजोळच्या बाजूस मामा, आईचे मामा, मावसभाऊ यांपैकी कुणाला असा त्रास असेल, तर मुलाच्या खतन्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे.

पण जो लपलेला घटक मेंडेलने वाटाण्यात पकडला, तो माणसात प्रथम कोणी पकडला? लंडनचे डॉक्टर आर्किबाल्ड गॅरॉड यांनी. काही मुलांची लघवी उघडी राहिली की काळी पडते, असा एक दुर्मिळ विकार आहे. अशी मुले ज्या घरांत होती तेथील आईबाप धडधाकट होते. मात्र त्यांतील अनेक जोडपी लग्नापूर्वी एकमेकांची सख्खी चुलत वा मामे-आते भावंडे होती, हे गॅरॉड यांच्या ध्यानात आले. बेटसन या शास्त्रज्ञाने खुलासा केला की, हा अप्रभावी गुण असला पाहिजे. १९०२ मध्ये गॅरॉड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मेंडेलचे वाटाणे दवाखान्यात आले होते.

भावंडांच्या लग्नाचा संबंध का यावा? आजोबांजवळ एखादे बिघडलेले जनुक लपलेले असेल, तर ते त्यांच्या मुलाकडे आणि मुलीकडे, आणि पुढे दोन्ही घरांतील नातवंडांकडे उतरू शकते. ही नातवंडे परस्परांत विवाहबद्ध झाली, तर तेच जनुक दोन्ही बाजूंनी येऊन एका बाळात भेटण्याची शक्यता वाढते. परक्या घरात तेच बिघडलेले जनुक असण्याचा संभव कमी. बिघाड म्हणजे काय हेही वाटाण्यावरूनच सांगता येते. १९९० मध्ये संशोधकांना आढळले की, सुरकुतलेल्या दाण्यात पिष्ट बनविणाऱ्या एका जनुकात भलताच मजकूर घुसला आहे. म्हणून पिष्ट कमी बनते, साखर आणि पाणी जास्त राहते, आणि वाळताना दाणा आक्रसतो. एक जनुक चांगले असले तरी काम भागते, म्हणून बिघाड लपतो. दोन्ही बिघडली की उघडा पडतो.

येथे अतिशयोक्ती नको. कोणत्याही जोडप्याच्या मुलात जन्मतः गंभीर दोष असण्याचे प्रमाण शंभरास सुमारे दोन ते तीन असते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहात ते साधारण दुप्पट होते. म्हणजे अशा विवाहातूनही बहुतेक मुले निकोप जन्मतात. हा रिवाज आपल्याच समाजात आहे असेही नाही. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक हिंदू जातींत आहे, आणि दक्षिणेत मामा-भाचीचे विवाह होत आले आहेत. डार्विनची पत्नी एमा ही त्याची सख्खी मामेबहीण होती. त्यांच्या दहा अपत्यांपैकी तीन लहानपणीच गेली, आणि आपल्या विवाहाचा तर हा परिणाम नव्हे ना, ही शंका त्याला छळत राहिली. आपल्या धर्मात असा विवाह जायज आहे; फर्ज नाही. मात्र ज्या घराण्यात एकदा असा आजार दिसला आहे, तेथे 'जमीन घरातच राहावी' किंवा 'लेक डोळ्यांसमोर राहावी' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपसातच संबंध करीत राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

अप्रभावी गुण प्रत्येक वेळी आजारच असतो असे मात्र नाही. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की, ते तपासणीत ओ गटाचे वाटे, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळेना. त्याला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. तोही दोन्हीकडून एक अप्रभावी जनुक आल्यामुळेच होतो. माणूस निरोगी असतो. फक्त रक्त चढवावयाची वेळ आली तर त्याच गटाचा दाता शोधावा लागतो.

आणि या शास्त्राचा एक काळा अध्यायही आहे, तो इतिहासाच्या शिक्षकाने गाळता कामा नये. 'चांगले रक्त' आणि 'हलके रक्त' अशी भाषा करणाऱ्यांनी या शास्त्राचे नाव वापरले. जर्मनीत हिटलरच्या राजवटीने १९३३ मध्ये कायदा करून सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी केली. वास्तविक बुद्धी, स्वभाव, उंची, रंग यांपैकी काहीही एका जनुकावर अवलंबून नसते. त्यात कितीतरी जनुके, आहार, शाळा आणि घर यांचा वाटा असतो. लपलेली दोन-चार बिघडलेली जनुके तर बहुधा प्रत्येकाजवळ असतातच. उंच खानदान असो की गरीब वस्ती, यातून कोणीही सुटलेले नाही.

शेवटी प्रत्यक्ष उपयोगाची गोष्ट, कारण पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचा मजकूर हाच आहे. १९२५ मध्ये अमेरिकेत डॉ. कूली यांनी इटालियन व ग्रीक घरांतील मुलांमध्ये एक प्रकारचा तीव्र पंडुरोग वर्णिला. पुढे त्याला थॅलेसेमिया हे नाव मिळाले. यात रक्तातील लाल द्रव्य नीट बनत नाही. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषधे सतत घ्यावी लागतात. हा रोग दोन्हीकडून बिघडलेले जनुक आले तरच होतो. ज्याच्याजवळ ते एकच असते त्याला वाहक म्हणतात. तो हिंडतो-फिरतो, कामधंदा करतो. फार तर थोडा फिका दिसतो आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही फरक पडत नाही. भारतात शंभरांत तीन-चार माणसे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली, त्याचप्रमाणे मेमन समाजात हे प्रमाण जास्त आढळते. विदर्भात सिकलसेल नावाचा याच नियमाने चालणारा दुसरा रोग बराच आहे.

दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक असा धोका असतो. याचा अर्थ नीट समजून घ्या. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढली तीन सुरक्षित, असे नव्हे. नाणे दर वेळी नव्याने उडते. इराणमध्ये १९९७ पासून आणि सौदी अरबस्तानात २००४ पासून निकाहापूर्वी थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची झाली. सौदी अरबस्तानात निकाल काहीही आला तरी विवाहास बंदी नाही. दोघांना समजावून सांगितले जाते आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला जातो.

आपल्याकडे ही तपासणी मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि चांगल्या प्रयोगशाळांत होते. हाताच्या शिरेतून थोडे रक्त घेऊन आधी साधी रक्तगणना करतात, आणि मग 'हिमोग्लोबिन ए-टू' किती आहे ते मोजतात. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर डॉक्टर माणूस वाहक असल्याचे मानतात. दहावी-बारावीनंतर मुलगा आणि मुलगी दोघांचीही ती करून घ्यावी. एकट्या मुलीची नव्हे. वाहक निघाला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि मंगनी मोडण्याचेही कारण नाही. एक जोडीदार वाहक आणि दुसरा नसेल, तर त्यांच्या कोणत्याही मुलाला हा मोठा आजार होत नाही. फार तर निम्म्या शक्यतेने मूल आपल्या आई वा बापासारखे वाहक होईल. दोघेही वाहक निघाले आणि तरीही निकाह झाला, तर गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना गाठावे, उशीर करू नये. एरवी वाहक आहे की नाही ही तपासणी आयुष्यात एकदाच नीट करावी लागते. जनुके बदलत नाहीत, त्यामुळे तो कागद मुलांच्या दाखल्यांबरोबर जपून ठेवला तर दहा वर्षांनंतरही तोच चालतो.